नाव न मावलेला खांब

वायसन मबालाका आमच्या जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात अकरा वर्षं हंगामी होता. पद डेटा क्लार्कचं. दर सहा महिन्यांनी त्याच्या नेमणुकीचं पत्र मीच टाईप करून घ्यायचो आणि सहीला ठेवायचो. कार्यालयीन कामकाज माझ्याकडे असल्यामुळे त्याची कायम करण्याची फाईलही माझ्याच कपाटात होती. तिच्यात सगळी कागदपत्रं होती, फक्त जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. चिटेलुका यांची सही नव्हती.

कायम झालेल्याला कार्यालयामागच्या चाळीत दोन खोल्यांचं घर मिळतं. वायसन, त्याची बायको एनिफा आणि तीन मुलं सरोवराच्या काठी, मासे वाळवायच्या मचाणांना लागून एका खोलीत राहत. एनिफाला दमा होता. उसिपा मासळी वाळायला लागली की तिची छाती भरून यायची. म्हणून वायसनला ती सही हवी होती. बाकी त्याला कशाची हौस नव्हती.

त्याचं काम असं. मोटरसायकलवरून जिल्ह्यातल्या एकतीस आरोग्य केंद्रांत जायचं, बाळंतपणाच्या नोंदवह्या उतरवून आणायच्या आणि तिमाही बैठकीसाठी आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढायचे. आर त्याला कोणी शिकवलं नव्हतं. एका परदेशी पाहुण्याने जाताना एक जाडजूड पुस्तक सोडलं होतं, तेवढ्यावर तो शिकला. आकडे तो कधी चुकला नाही. त्याचं सगळं अडायचं ते अक्षरांपाशी.

मुख्य आलेख एकच असायचा: मागच्या बारा महिन्यांत कोणत्या केंद्रात किती बाळंतिणी दगावल्या. एकतीस केंद्रं, एकतीस खांब. डॉ. चिटेलुकांनी त्याला एक रिवाज जोडला होता. ज्याचा खांब सर्वांत उंच, त्या केंद्राच्या प्रमुखाने उभं राहायचं आणि पुढचा विषय संपेपर्यंत उभंच राहायचं. डॉक्टर याला शिस्त म्हणत. चहा आणि तळलेल्या मांदासी येईपर्यंत कोणीतरी एक जण उभा असायचाच.

सप्टेंबरच्या बैठकीत वायसनने नावं आडवी लिहिली होती. दोन नावं एकमेकांवर चढायला लागली की आर दुसरं नाव सरळ गाळून टाकतं, आणि तसं सांगतही नाही. पडद्यावर एकतीस खांब आले आणि नावं आली सहा.

"काय रे वायसन," डॉक्टर म्हणाले, "ही केंद्रं आहेत की म्हाताऱ्याचा कंगवा? दात पडलेत सगळे."

लोक हसले. वायसनही हसला, कारण डॉक्टर त्याच्याकडेच बघत होते.

डिसेंबरमध्ये त्याने नावं उभी केली. आता सगळी मावली, पण खालचा समास कमी पडला आणि लांब नावांच्या शेपट्या कापल्या गेल्या.

"मागच्या वेळी दात पाडलेस, या वेळी पाय कापलेस," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या हाती सुरी द्यायची सोय नाही." मग सगळ्यांदेखत माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याची फाईल तुमच्याचकडे आहे ना? राहू दे तिथेच. मार्चला एकतीसच्या एकतीस नावं पूर्ण दिसली, तर सही करीन. नाहीतर जूनपासून हंगामीसुद्धा नाही."

त्यानंतरचे तीन महिने वायसन समासांच्या मागे लागला. आरमध्ये चार समासांचे चार आकडे द्यावे लागतात. आधी खालचा, मग डावा, वरचा आणि शेवटी उजवा. खालचा वाढवला की खांब बुटके होत. आणखी वाढवला की समास मावत नाहीत असा निरोप येई आणि आलेखच निघत नसे. शिवाय पडद्यावर दाखवायच्या डॉक्टरांच्या ठरलेल्या चौकटीत डावीकडे सरकारी मुद्रा आणि उजवीकडे डॉक्टरांचा फोटो असे. आलेखाला उरायची ती मधली चिंचोळी जागा.

"बांबो," तो एकदा मला, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं, म्हणाला, "तो फोटो जरा लहान केला तर?"

"तू सांगणार आहेस त्यांना?"

"मी कसा सांगू?"

"मग अक्षरच लहान कर."

सर्वांत लांब नाव होतं सेंट मोनिका मतेम्बेन्जी मिशन केंद्राचं. नदीपल्याडचं केंद्र. तिथल्या प्रमुख अमायी फेलेस्टा नामाकवा. अमायी म्हणजे आई, पण त्यांना सगळा जिल्हाच अमायी म्हणायचा. त्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. वायसनची तिन्ही मुलं त्यांच्याच हातची. तो वह्या उतरवायला गेला की आधी ओंजळीने टाळ्या वाजवून, गुडघे वाकवून त्यांना नमस्कार करायचा, आणि त्या त्याला मक्याची नसिमा आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी वाढल्याशिवाय वहीला हात लावू देत नसत.

त्यांचा खांब उंच का, हे वायसनला माहीत होतं. आसपासची चार केंद्रं बाई फार बिघडली की तिला बैलगाडीत घालून नदीपलीकडे पाठवून देत. गाडी पोहोचेपर्यंत बाईत काही उरलेलं नसे. मेली की नोंद अमायींच्या वहीत. त्या चार केंद्रांचे खांब बोटभर असत.

"परत का पाठवत नाही तुम्ही?" वायसनने फेब्रुवारीत विचारलं होतं.

"दारात आलेल्या बाईला परत पाठवू? आणि वहीत लिहू नको तर काय करू, मातीत लिहू?" मग त्याच्या ताटात आणखी भाजी घालत म्हणाल्या, "माझा खांब उंच आहे ना यंदाही?"

"हो, अमायी. अकरा."

"उभी राहीन. पाय सुजतात, पण राहीन. मेलेल्यांसाठी तेवढं तर करीन. तू तुझं काम बघ, लेकरा. तुझी सही होऊ दे. एनिफाला त्या माशांच्या वासातून बाहेर काढ."

मार्चच्या बैठकीच्या सकाळी वायसनने आलेख मला दाखवला. त्याच्या संगणकावर एकतीसच्या एकतीस नावं होती, पूर्ण, शेपटीसकट. मी मोजून बघितली. बैठकीला दहा मिनिटं असताना डॉक्टर आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मुंग्या आहेत का या? मागच्या रांगेला काय दिसणार? अक्षर मोठं कर."

वायसनने एक आकडा बदलला. पडदाभर खिडकी उघडून खात्री केली. सगळी नावं होती. मग चौकटीच्या मापाची फाईल तयार केली आणि ती न उघडताच लावून दिली. चूक इथेच झाली. खिडकी मोठी होती, तिच्यात नावं मावली. चौकट चिंचोळी होती. तिच्यात मोठी अक्षरं एकमेकांना खेटली आणि आरने एकाआड एक नाव गाळलं. पंधरा नावं गेली. त्यातलं एक सर्वांत उंच खांबाचं.

पडदा उजळला तसा वायसनचा चेहरा उतरला. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

डॉक्टर काठी घेऊन पडद्यापाशी गेले आणि त्या खांबाच्या पायथ्याशी टोक टेकवलं.

"हा कोणाचा?"

सभागृहात साठेक माणसं होती. सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या रांगेत अमायी फेलेस्टा बाकाला हात टेकून उठायला लागल्या.

"बसा, मॅडम. मी कोणाला उठा म्हणालोय का? मला माहीत नाही हा खांब कोणाचा. इथे नावच नाही. ज्याने काढलाय त्याला विचारतोय. वायसन, उठ."

अमायी बसल्या. वायसन उठला.

आमच्याकडे लहानाने मोठ्या माणसाचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं. बाईमाणसाचं तर नाहीच. वायसनने अकरा वर्षांत त्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. जे सांगायचं ते आलेख सांगायचा, तो बिनबोभाट मागे उभा असायचा.

"सेंट मोनिका, ब्वाना," तो म्हणाला.

"ती तर स्वर्गात असते. इथे कोण आहे?"

"सेंट मोनिका मतेम्बेन्जी मिशन केंद्र."

"केंद्राला पाय असतात का उभं राहायला? माणूस सांग."

"अमायी आहेत, ब्वाना."

"अमायी इथे वीस बसल्यात. कोणती घेऊ? तूच निवड." मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "फाईल आणलीय ना तुम्ही?"

मी आणली होती. सकाळी त्यांनीच आणायला सांगितली होती. मी ती वर धरली.

वायसनने फाईलकडे बघितलं. अमायींकडे बघितलं नाही.

"फेलेस्टा नामाकवा," तो म्हणाला.

"मागे ऐकू जात नाही."

"फेलेस्टा नामाकवा!"

"आकडा?"

"अकरा."

"अकरा काय? कोंबड्या?"

"अकरा बाळंतिणी, ब्वाना."

"आता उठा, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

अमायी उठल्या. "डॉक्टर, बायका नदीपलीकडून येतात तेव्हाच—"

"कारणं चहानंतर."

त्या दिवशी पुढचा विषय मच्छरदाण्यांचा होता. डॉक्टरांनी तो पन्नास मिनिटं चालवला. अमायींनी एकदा या पायावरचा भार त्या पायावर घेतला. समोर बसलेल्या चार केंद्रांच्या प्रमुखांनी वह्यांत माना घातल्या होत्या. चहा आला तेव्हा कोणी त्यांच्याजवळ गेलं नाही. मीही गेलो नाही.

फाईलवर सही झाली नाही. डॉक्टर म्हणाले, "एकतीस म्हणालो होतो. सोळा आहेत."

वायसन दोन दिवस जेवला नसावा. बुधवारी तो डोळे लाल घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्याने आलेख आडवा केला होता. खांब डावीकडून उजवीकडे झोपलेले, नावं डाव्या बाजूला एकाखाली एक. सर्वांत लांब नावाची रुंदी मोजून तेवढाच डावा समास दिलेला. चौकटीच्याच मापात फाईल काढून, उघडून, कागदावर छापून आणलेली. एकतीस नावं, सेंट मोनिकाचंही शेवटच्या अक्षरापर्यंत. फोटोला कुठे धक्का नव्हता. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी कागद लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"नावं मोजा," मला म्हणाले.

"मोजली आहेत. एकतीस."

"सुंदर," ते म्हणाले. "हे जमत होतं तर. आता काढून टाक."

"काय काढू, ब्वाना?"

"नावं. सगळी. अरे, परवाच्या बैठकीत माणसं पहिल्यांदा जागी होती. सहा वर्षं मी आलेख दाखवतोय, मागची रांग झोपते. परवा एकाने जांभई दिली नाही. जूनपासून खांब तेवढे दाखवायचे. काठी मी धरीन, नाव तू घ्यायचं. मोठ्याने. पूर्ण."

वायसनने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"जमेल ना? की हंगामीत दुसरा बघू?"

"जमेल, ब्वाना."

तेव्हा त्यांनी सही केली. शाई वाळेपर्यंत फाईल माझ्या हातात होती. बाहेर आल्यावर वायसन म्हणाला, "बांबो, घराची किल्ली कधी मिळेल?" मी म्हणालो, एक तारखेला. नियमाप्रमाणे पहिले सहा महिने परीक्षेचे असतात, त्यात शेरा वाईट आला तर घर परत द्यावं लागतं, हेही सांगितलं. सांगणं माझं कामच होतं.

जूनच्या बैठकीला पडद्यावर एकतीस खांब होते आणि एकही अक्षर नव्हतं. डॉक्टरांनी काठी टेकवायच्या आतच वायसनने अमायी फेलेस्टांचं नाव एका दमात, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं घेतलं. त्यांची ती शेवटची बैठक होती. त्या उठल्या, भिंतीचा आधार घेतला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "एनिफाचा श्वास कसा आहे आता?"

"मध्ये बोलू नका, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

एनिफाचा श्वास बरा होता. चाळीत माशांचा वास येत नाही.

त्यानंतर वायसन वह्या उतरवायला गेला की केंद्रांतले लोक वही खिडकीतून हातात देत आणि झाडाखाली बसून उतरव म्हणत. कोणी पाणी विचारत नसे. वह्याही बदलत गेल्या. आपलं नाव मोठ्याने घेतलं जाणार हे कळल्यावर बायका वहीत मरेनाशा झाल्या. कोणी 'घरी नेली' असं लिही, कोणी काहीच लिहीना.

सेंट मोनिकाला अमायींच्या जागी एक तरुण माणूस आला. ऑगस्टमध्ये वायसन तिथे पोहोचला तेव्हा आवारात एक बैलगाडी उभी होती आणि चितेंजेच्या कापडात गुंडाळलेली एक बाई चार जणी गाडीवर चढवत होत्या. एकीच्या कडेवर बाळ होतं. मृत्यूचं रडणं चालू होतं. प्रमुखाने वही खिडकीतून दिली. त्या महिन्याच्या रकान्यात शून्य होतं. वायसनने ते उतरवून घेतलं. हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि आपण दोघांनी हे लक्षात ठेवायचं नाही, असंही सांगितलं. मी बरं म्हणालो.

सप्टेंबरच्या बैठकीत खांब जागोजाग खुजे झाले होते. वरून आलेल्या पाहुण्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. डॉक्टरांनी काठी फिरवत सेंट मोनिकाच्या ओळीपाशी आणली.

"इथे या तिमाहीत किती?"

वायसनच्या परीक्षेचे अजून दहा दिवस बाकी होते.

"शून्य, ब्वाना," तो म्हणाला.

"मागे ऐकू जात नाही."

"शून्य!"

मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.