धवलारणीचं पाणी

आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीच्या गाण्यांवर, म्हणजे धवल्यांवर, विधी चालतात. ती गायला बसली की मधे उठत नाही. धवलारीण जानकीबाईंना सासूनं हेच शिकवलं होतं. म्हणून लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासूनच त्या पाणी तोडत, घोटही पीत नसत.

साठी उलटली आणि १९९१ च्या लग्नसराईत त्यांच्या पायाचा अंगठा सुजला. लालबुंद झाला. चादर लागली तरी जीव जायचा. कुणी म्हणालं लचक, कुणी म्हणालं नजर. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय बुडवून आल्या. ठणका आणखी वाढला.

शेवटी भिवंडीत चिंतामणी डॉक्टरांनी रक्त तपासलं.

"युरिक ॲसिड वाढलंय. सुकट, मटण कमी करा. गोळी रोज घ्या. पाणी किती पिता?"

"लग्नाच्या दिवशी? घोटभर न्हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पाळी गेली, वय झालं, की बाईच्या अंगातून हे ॲसिड पहिल्यासारखं बाहेर पडत नाही. त्यात तुम्ही पाणी तोडता. पाय धरणारच. उद्या मूत्रपिंडावर जाईल. गाणं सोडा, नाहीतर पाणी प्या."

"गानं न्हाय सोडायची," जानकीबाई म्हणाल्या.

पुढचं लग्न वडप्याला, सीताबाईच्या मुलीचं. दोन धवल्यांच्या मधे जानकीबाई तांब्या तोंडाला लावत होत्या.

"आक्का, ताडी हाय काय गो?" मागून गाणारी काशी कुजबुजली.

"पानी हाय. चाखतेस?"

मुलीला हळद लागत होती. जानकीबाई धवला अर्ध्यावर तोडून उठल्या.

उष्टी हळद घेऊन आलेला नवऱ्या मुलाचा काका केसरीनाथ गरजला, "म्हातारे, मधेच कुठं? अपशकुन करतेस? झेपत न्हाय तं दुसरी धवलारीण आनतो."

सीताबाईचा चेहरा उतरला. त्याच्या एका शब्दानं जानकीबाईंचा आयुष्यभराचा मानाचा पाट जाणार होता. जानकीबाईंनी दुखरा पाय जमिनीवर नीट टेकला.

"आन. ती पन मानूसच असंल, तिला पन जावं लागंल. तू मघापासून बिडी ओढाया भाईर जातोस, तवा शकुन कुठं जातो रं?"

बाया फिस्सकन हसल्या. काशीही उठली. "थांब गो आक्का, मी पन येते." तिच्यामागे आणखी दोघी-तिघी उठल्या, मग बाकीच्याही. सगळ्याच कधीच्या दम धरून बसल्या होत्या.

पाटावरून नवरीनं हळूच विचारलं, "मी पन येऊ?"

"ये," जानकीबाई म्हणाल्या.

मांडवात पुरुष तेवढे उरले. दुसरी धवलारीण आणायला कुणी उठलं नाही. बाया परतल्या. जानकीबाई पाटावर बसल्या आणि ज्या शब्दावर धवला तोडला होता, त्याच शब्दापासून त्यांनी तो पुढे उचलला.