'लेट गो'ची तालीम

धुळ्याला मसाल्याच्या एका कारखान्यात मी हजेरी, रजा आणि पगाराचं काम बघायचे. कंपनीचं हेड ऑफिस जळगावला. मालक बदलले आणि नव्या साहेबांना वाटायला लागलं की ऑफिसातल्या सगळ्यांचं इंग्रजी 'बिझनेस'चं असायला हवं. मग दर शनिवारी आम्हा सात-आठ जणांना जीपमध्ये कोंबून जळगावला न्यायचे. तिथे एसी खोलीत पुण्याहून आलेले एक सर आम्हाला शिकवत.

सुरुवातीला मला मजा वाटली. लुक म्हणजे बघणं, इनटू म्हणजे आत, आणि 'लुक इनटू' म्हणजे चौकशी करणं. पुट ऑफ, कॅरी आउट, कट बॅक. आपणही 'बसून राहिला', 'विसरून जा' म्हणतोच की, त्यामुळे मला ते पटकन जमायचं. घरी भांडी घासताना मी पुटपुटत राहायचे. आई म्हणायची, "काय मंत्र म्हणतेस गं?"

पण सरांचं शिकवणं हळूहळू घशाखाली उतरेना. एकदा ते म्हणाले, "तक्रार आली की हसून म्हणायचं, 'वुई विल लुक इनटू इट.' करायचं काहीच नसतं. समोरच्याला मात्र बरं वाटतं." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांसाठी हात धुवायला आणखी एक नळ लावा, म्हणून मीच साहेबांकडे गेले होते. दिवसभर मिरची हाताळून त्यांच्या बोटांची आग आग व्हायची. साहेबांनी मला अगदी हेच वाक्य ऐकवलं होतं, अगदी असंच हसून. नळ काही लागला नव्हता.

पुढच्या शनिवारी सरांनी खुर्च्या समोरासमोर मांडल्या. आज 'लेट गो' करायचं. माणसाला कामावरून काढायचं, पण काढलं म्हणायचं नाही. मला कामगार केलं आणि आमच्या स्टोअरकीपरला साहेब.

स्टोअरकीपर अडखळत म्हणाला, "वुई हॅव टू लेट यू गो."

"मान जरा तिरकी करा," सर म्हणाले. "आवाजात माया हवी. आणि मॅडम, तुम्ही शेवटी थँक्यू म्हणायचं."

"काढल्याबद्दल थँक्यू?" मी विचारलं.

"अपॉर्च्युनिटी दिल्याबद्दल."

मी म्हटलं. टाळ्या पडल्या. परतीच्या वाटेवर पारोळ्याला सगळे चहाला उतरले, मी जीपमध्येच बसून राहिले.

पंधरा-वीस दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. देठ काढायचं मशीन येणार होतं. देठ खुडणाऱ्या सगळ्या बाया जाणार होत्या. "त्यांना तुमच्या भाषेत समजावा," ते म्हणाले, "पण क्लासमध्ये शिकवलं तसं. काढलं हा शब्द नको. म्हणा, कंपनी तुम्हाला मुक्त करते आहे."

तेव्हा कळलं, तो क्लास आमच्यासाठी नव्हताच. ही तालीम चालली होती. आणि टाळ्या घेऊन मीही त्यात काम केलं होतं.

शेडमध्ये मिरचीचा खकाणा उठलेला होता. बाया पदर नाकाला बांधून बसलेल्या. साहेब माझ्या मागे उभे राहिले. मी "कंपनीमध्ये बदल होतो आहे" असं सुरू केलं, आणि सगळ्यांत जुन्या अक्कांनी मला थांबवलं.

"ताई, हाई काय सांगी ऱ्हायनात तुम्ही? उद्या कामले येवानं का नही, तेवढं सांगा."

साहेबांनी मागून खाकरून इशारा दिला.

मी अक्कांच्याच अहिराणीत म्हटलं, "नका येवू, अक्का. तुमले काढी टाकं. मशीन ई ऱ्हायनं."

मग अक्का उठल्या, साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचं तोंड नीट न्याहाळून म्हणाल्या, "हाई तुमनाच तोंडथून सांगा ना मंग."

साहेब पाठ फिरवून केबिनमध्ये निघून गेले. बाया गेटवर जाऊन बसल्या आणि साहेबांनी येऊन स्वतः सांगेपर्यंत उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना यावं लागलं. "काढलं आहे," ते म्हणाले, खाली बघत. मशीन काही थांबलं नाही. त्यातल्या थोड्या बाया पुढे पॅकिंगला लागल्या, बाकीच्या शेतमजुरीला गेल्या.

मला जळगावच्या क्लासला परत नेलं नाही. सहा महिन्यांनी मीच ती नोकरी सोडली. आता दुसऱ्या कंपनीत आहे. तिथेही हेच इंग्रजी चालतं, आणि मला ते उत्तम येतं. रोज वीस मेल लिहिते. परवा इथल्या साहेबांनी 'वुई विल लुक इनटू इट' लिहिलेल्या माझ्या एका मेलचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. तोंडात थुंकी जमा झाली, ती गिळून मी काम करत बसले.