वाजवणाऱ्यांचं काय करायचं?

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शिकवायला ते कुठल्याच शाळेत नव्हते. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. मास्तर ही पदवी संध्याकाळची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक हौशी नाटक मंडळ होतं, ते वर्षाला एक गाण्यांचं नाटक बसवायचं. तिथे मास्तर पियानो वाजवायचे आणि दोन्ही हात गुंतलेले म्हणून मानेनंच इतर वाजवणाऱ्यांना इशारे द्यायचे. मानेचं दुखणं त्यातूनच लागलं, असं त्यांची बायको म्हणे.

मंडळ दादांचं. दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ, रंगाच्या दुकानाचे मालक. वडील गेले तेव्हा दादांनी स्वतःचं शिक्षण सोडून दुकान सांभाळलं, धाकट्याला वाढवलं, पियानोची शिकवणीसुद्धा त्यांनीच लावून दिली. त्यामुळे दादा समोर आले की मास्तरांचा आवाज आपोआप खाली यायचा. पन्नाशी उलटली तरी यायचा.

नाटकात मुख्य गाणी वहिनींची, म्हणजे दादांच्या बायकोची. गळा गोड, पण अलीकडे दम पुरत नसे. दुसऱ्या अंकातल्या मोठ्या गाण्यात एका उंच ओळीच्या आधी त्या हमखास अडखळायच्या. तेव्हा व्हायोलिनवाल्या बाई आपला सूर लांबवून धरायच्या, वहिनी श्वास घ्यायच्या आणि मग दोघी मिळून पुढे निघायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, चालच तशी आहे.

या बाई मास्तरांनीच आणलेल्या. घरोघरी शिकवण्या करायच्या, लग्नासमारंभात वाजवायच्या, त्यावरच त्यांचं आणि म्हाताऱ्या आईचं चालायचं. दोन नाटकं त्यांनी भिडेखातर फुकट वाजवली. तिसऱ्याच्या तालमी सुरू झाल्या तशा त्या सरळ दादांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"या वेळी मला मानधन लागेल."

दादा हसले. "अहो, हौशी मंडळ आहे आपलं. इथे कोण घेतं पैसे? मी घेतो? ही घेते? उलट दर वर्षी माझ्याच खिशाला खार लागतो."

"तुमची हौस आहे, मान्य. तुमची नावं जाहिरातीवर असतात, तुम्ही पुढे येऊन टाळ्या घेता. मी रंगमंचाखाली अंधारात बसते. तालमीच्या दिवशी माझ्या दोन शिकवण्या बुडतात. दिवेवाल्याला देता ना? पडदे शिवणाऱ्याला देता ना? मग वाजवणाऱ्यांचं काय?"

"तो त्यांचा धंदा आहे."

"आणि माझा?"

दादा जरा चढ्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला दिले की बासरीवाला मागणार, ढोलवाला मागणार. उद्या नट मागतील. मग मंडळाला कुलूपच लावायचं की!"

दोघांनीही मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना बाईंचं पटत होतं, आणि पंचाईत अशी की दादांचंही पटत होतं. तिकिटं विकून हॉलचं भाडंसुद्धा जेमतेम निघतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "आपण... आधी दुसरा अंक घेऊ या का?"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मूग गिळून बसलात ना?"

"काय बोलणार? दोघांचंही खरं आहे."

"मग दोघांनाही सांगायचं तसं!"

ते काही त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी दुसराच मार्ग काढला. पगार झाला तसं पाकिटात थोडे पैसे घातले आणि तालमीनंतर जिन्यात बाईंच्या हातात दिले. "मंडळाकडून," म्हणाले. खोटं बोलण्याची सवय नव्हती, कान लाल झाले.

बाईंनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. "मास्तर, हे तुमचे आहेत."

"असू दे हो. काय फरक पडतो?"

"मंडळानं दिले असते तर माझ्या कामाचे म्हणून घेतले असते. तुम्ही देताय ते दया येऊन. ते कसे घेऊ?" त्यांनी पाकीट मास्तरांच्या कोटाच्या खिशात परत घातलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. पुढच्या तालमीला बाई आल्या नाहीत. त्यांच्यामागून बासरीवाला गेला, मग ढोलवाला.

दादा डगमगले नाहीत. त्यांनी कुठल्याशा स्टुडिओत जाऊन सगळं संगीत कॉम्प्युटरवर तयार करून आणलं. स्टुडिओवाल्यानं चांगले पैसे घेतले, आणि दादांनी ते दिले.

"दादा, तेवढ्यात बाईंचं भागलं असतं रे," मास्तर कसेबसे म्हणाले.

"हे एकदाच द्यायचे. आणि हे यंत्र रुसत नाही. पियानोही आहे बघ त्यात, तुझी मान वाचली."

दादांनी ते खरोखर मायेनं म्हटलं होतं. मास्तरांकडे उरलं एकच काम. विंगेत बसायचं आणि गाणं आलं की बटण दाबायचं.

प्रयोगाला हॉल बऱ्यापैकी भरला. पहिला अंक सुरळीत गेला. दुसऱ्या अंकात वहिनींचं मोठं गाणं आलं, मास्तरांनी बटण दाबलं. तालमीत जमलं होतं. पण त्या संध्याकाळी वहिनींना खोकला होता. उंच ओळीपाशी त्या थांबल्या, छाती वरखाली झाली, आणि सवयीनं त्यांनी खाली, पूर्वी जिथे व्हायोलिन असायचं तिकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. संगीत पुढे निघून गेलं.

मास्तरांचं बोट बटणावर होतं. बंद करावं तर हॉलभर शांतता पसरणार आणि त्या शांततेत वहिनी एकट्या उभ्या. चालू ठेवावं तर त्या मागे राहतात. पियानो असता तर डोळे मिटून त्यांनी सावरून घेतलं असतं. बोट तसंच राहिलं. वहिनींनी विंगेत त्यांच्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं. एक अख्खं कडवं त्यांच्याशिवाय वाजलं. शेवटची ओळ त्यांनी कशीबशी पकडली.

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या.

आत आल्यावर वहिनी खुर्चीवर बसल्या. "भाऊजी, थोडं थांबला का नाहीत?"

"मी कुठे वाजवत होतो, वहिनी?"

दादा घाम पुसत आले, खुशीत होते. "मस्त झालं! अगं, कोणाला काही कळलंसुद्धा नाही." वहिनी तोंडावरचा रंग पुसत राहिल्या.

काही महिन्यांनी नव्या नाटकाची बैठक भरली. या वेळी मास्तर ठरवूनच गेले होते. चहा यायच्या आत ते म्हणाले, "दादा, वाजवणारी माणसं हवीत. आणि त्यांना पैसे द्यायला हवेत."

सगळे दादांकडे बघायला लागले. दादा चिडले नाहीत. उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी नाही म्हणत नाही. पण आणायचे कुठून, ते तू सांग."

मास्तर आठवडाभर हिंडले. औषधाच्या दुकानदाराला भेटले, बँकेतल्या साहेबांना भेटले, स्वतःच्या मालकाला भेटले. नाटकातल्या कपड्यांसाठी द्यायला लोक तयार होते, कपडे कोणी दिले म्हणून जाहिरातीत दुकानाचं नाव छापता येतं. वाजवणाऱ्यांसाठी म्हटलं की विचारायचे, "त्यांची हौस नाही का?" शेवटी मालकानं थोडी रक्कम कबूल केली. सगळ्यांना पुरणार नव्हती, पण एका व्हायोलिनपुरती होती. मास्तरांनी त्याच दुपारी दुकानातून बाईंना फोन लावला.

"मंडळच देणार आहे," ते घाईघाईनं म्हणाले. "खरंच मंडळ. या वेळी माझे नाहीत."

पलीकडे बाई हसल्या. "उशीर झाला हो, मास्तर. आता रोज संध्याकाळी एका हॉटेलात वाजवते. लोक जेवत असतात, कोणी ऐकत नाही. पण महिन्याच्या महिन्याला देतात." मग त्यांनी विचारलं, "वहिनींची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," मास्तर म्हणाले.

चष्म्याचं दुकान बंद झाल्यावर ते दादांच्या दुकानात गेले आणि बाई येत नाहीत, असं सांगितलं. दादा रंगाच्या डब्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवत होते.

"मग सुटलाच की प्रश्न!" दादा म्हणाले. "तू उगाच जिवाला लावून घेतोस. ते डबे दे बघू इकडे."

मास्तरांनी एकेक डबा उचलून दादांच्या हातात द्यायला सुरुवात केली.