ढिली खाट

तळोद्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याला रूपसिंगचं घर. गावभरच्या खाटा तोच विणून द्यायचा, पण त्याच्या घरची खाट बघाल तर नुसती झोळी! लोक टिंगल करायचे. करू देत. फुलीबाईनेच नवऱ्याला बजावलं होतं, दोरी ताणायची नाही म्हणून.

त्या खाटेवर फुलीबाई आणि तिची लेक रविना झोपायच्या. रविनाला जन्मापासून सिकलसेल, रक्तातला आजार. गारठा पडला, दमणूक झाली की पोरीचे हातपाय असे ठणकायचे की बघवत नसे. ढिल्या खाटेत दोघी आपोआप मधोमध सरकायच्या आणि पोरगी कण्हायच्या आधीच आईला कळायचं. मग पाणी, गोळी, अंग चोळणं. रूपसिंग बापडा ओट्यावर. पोरगी दहावी झाली तरी हेच चाललं होतं.

मग रविनाने हट्ट धरला, नंदुरबारला वसतिगृहात राहून शिकणार.

"तिथे तुझ्याजवळ कोण झोपणार?" फुलीबाई कडाडली.

"एकटी झोपून दाखवते. दुखलं तर नाही जाणार," रविना म्हणाली आणि बापाकडे वळली, "बा, खाट ताणून दे."

रूपसिंगने दोरी ताणली. फुलीबाई खाली जमिनीवर निजू लागली. पाऊस लागला, गारठा आला, तरी पोरगी हूं की चूं करीना. आजार हटला असंच फुलीबाईला वाटलं. खुळी बाई, देवाला कोंबडा कबूल करून बसली आणि जा म्हणाली.

जायच्या आदल्या दिवशी ऊन पडलं, म्हणून ती रविनाची गोधडी धुवायला ओढ्यावर गेली. एका कोपऱ्याच्या पार चिंध्या झालेल्या. आधी वाटलं, उंदरांनी कुरतडली. मग नीट पाहिलं, तर कोपरा दातांनी चावून चावून फाटलेला, अजून ओलसर. फुलीबाई तिथेच दगडावर बसली आणि पोटभर रडली. आपण हातभर अंतरावर घोरत पडलो आणि लेक गोधडी तोंडात कोंबून दुखणं गिळत होती. रागही आला तिला. घरी जाऊन तिने एक शब्द काढला असता, तर पोरीचं जाणं तिथेच थांबलं असतं.

सकाळी जीप आली. फुलीबाईने पिशवी आत ठेवली.

"गोधडी दिलीय. कोपऱ्याला दुहेरी ठिगळ लावलंय."

रविनाची मान खाली गेली. "आई, तू अडवत नाहीस?"

"दुखलं की चावत बसू नको. शेजारच्या पोरीला उठव," एवढंच म्हणून फुलीबाईने जीपचं दार लावलं.