गंगावतरणाचा पुरावा

"मग, कधी निघतोय माझा स्टार्टर बाजारात?" भिंगारदिवे काकांनी विचारलं आणि भिंतीवरची फ्रेम उतरवून माझ्या मांडीवर ठेवली.

आत पेटंटचं सर्टिफिकेट होतं. काच नुकतीच पुसलेली होती, बहुतेक मी येणार म्हणून.

फोनवर मी फक्त "तुमच्या पेटंटबद्दल बोलायचंय" एवढंच म्हणाले होते. ज्या कंपनीला त्यांनी पेटंट विकलं होतं तिच्याकडूनच मी आले, असं त्यांना वाटलं. मी मुळात कमी बोलते. त्या दिवशी ते मलाच नडलं.

"काका, मी त्या कंपनीची नाही. मी समोरच्या बाजूची आहे."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

मी पुण्यातल्या एका लॉ फर्ममध्ये पेटंट अनॅलिस्ट आहे. कोर्टात वकील बोलतात, त्यांना लागणारे कागद मी शोधते. मला हे सोयीचं आहे. आमचे क्लायंट शेळके हे नगरच्या एमआयडीसीत मोबाईल स्टार्टर बनवतात. शेतकऱ्याने घरून फोन केला की विहिरीवरची मोटर चालू होते. कंपनीत सतरा माणसं, त्यातल्या अकरा सोल्डरिंग करणाऱ्या बायका. शेळक्यांवर काकांचं पेटंट चोरल्याचा दावा लागला होता. नऊ दिवसांनी तारीख होती. कोर्टाने उत्पादनावर स्टे दिला असता तर लाइन बंद पडली असती.

दावा लावणारी कंपनी स्वतः काहीच बनवत नाही. कोणाकोणाची पेटंट विकत घ्यायची आणि वस्तू बनवणाऱ्यांना नोटीस धाडायची, हाच तिचा धंदा. पैसे द्या, नाहीतर कोर्टात या. आमच्याकडे अशांना पेटंट ट्रोल म्हणतात. हा गुन्हा नाही. बहुतेक छोटे कारखानदार घाबरून पैसे देतात.

काकांना हे सांगायला मला अर्धा चहा लागला.

"पण ते म्हणले होते, प्रत्येक विहिरीवर तुमचा स्टार्टर बसवू," काका म्हणाले. "मी दर दिवाळीला फोन करतो. म्हणतात, प्रोसेसमध्ये हाय."

"अजून कोणाकोणाला नोटिसा गेल्यात?" काकूंनी विचारलं.

मी यादी दाखवली. काकांनी ती लांब धरून वाचली आणि घडी घालून परत दिली.

मी आले होते एका प्रश्नासाठी. असं यंत्र त्यांच्याआधी कोणी केलं होतं का? ते संशोधकाइतकं कोणाला ठाऊक नसतं.

"माझ्या आधी?" ते दुखावले. "मिल्ट्रीच्या वर्कशॉपात तीस वर्षं वायरिंग केलंय मी. ही डोक्यातली गोष्ट हाय माझ्या. थांबा, दाखवतो." आणि त्यांनी ट्रंकेतून भिंगारमधल्या त्यांच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची एक स्मरणिका काढली. कव्हरवर गणपती, आत वर्गणीदार, किराणा दुकानांच्या जाहिराती, अध्यक्षांचं मनोगत.

मी इंग्लिश मीडियमची. छापील मराठी मला सावकाश वाचता येतं. काकांना ते कळलं असावं. ते स्वतःच मोठ्याने वाचू लागले.

"यंदाचा देखावा गंगावतरण. फलकावरील नंबरवर मिस्ड कॉल दिला असता मोटर चालू होऊन शंकराच्या जटेतून गंगा वाहू लागते."

पेटंटच्या शेवटी क्लेम असतात. नेमकं काय आपलं, हे त्यात एकेका वाक्यात लिहितात. या पेटंटचे मुख्य क्लेम तीन. मिस्ड कॉलने मोटर चालू होणं हा पहिला.

"टाकीतील पाणी संपताच मोटर आपोआप बंद होते."

दुसरा.

"व तसा फोन कार्यकर्त्याच्या मोबाईलवर येतो. ही सर्व करामत श्री. लक्ष्मण भिंगारदिवे यांची."

"करामत कसली!" काकू म्हणाल्या. "आमच्या घरातला मोबाईल दहा दिवस त्या शंकराच्या मागं. माझा भाऊ काष्टीवरून फोन लावायचा, तर हिकडं गंगा सुरू!"

"त्यानं एकदा आरतीच्या टायमाला लावला," काका हसले. "पुजारी भिजला की."

मीही हसले. मग कव्हरवरचं साल पाहिलं. पेटंटच्या अर्जाच्या आधीच्या गणपतीतलं.

पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. अर्जाआधी ती लोकांना दाखवली, छापून आली, तर कायद्याच्या नजरेत ती नवी राहत नाही. मग दाखवणारा स्वतः संशोधक असला तरी. थोडे अपवाद आहेत. गणेश मंडळ त्यात बसत नाही.

मी अंगणात जाऊन आमच्या वकील सरांना फोन लावला आणि स्मरणिकेचं सांगितलं.

"ओरिजिनल आहे?"

"हो."

"उत्तम. घेऊन नीघ."

"सर, याने त्यांचंच पेटंट रद्द होईल. ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही."

"ते आता मालक नाहीत."

"फ्रेम अजून त्यांच्या भिंतीवर आहे, सर."

"सांग मग. पण कागद गेला तर केस गेली, हे लक्षात ठेव."

मी आत जाऊन सांगितलं. शब्द इंग्रजीतून येत होते, ते मराठीत बसवताना अडखळले. काकांनी स्मरणिका मिटून मांडीखाली घेतली.

"अवं, मग नका देऊ," काकू म्हणाल्या.

मग काकांनी विचारलं, "त्या शेळक्याचा माल हाय का जवळ?"

सॅम्पल माझ्या बॅगेत होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणला, चष्मा बदलला, डबा उघडला. खिडकीकडे धरून एकेक टाका पाहिला.

"सोल्डरिंग स्वच्छ हाय. पाणी संपल्यालं करंटवरून वळखतो. माझ्यात पाण्यात वायर सोडावी लागायची." पुन्हा पाहिलं. "हा विहिरीवर बसतो?"

"बसलेत, काका. काष्टीकडेही बरेच आहेत."

त्यांनी झाकण लावलं, चारही स्क्रू नीट आवळले.

"मग निघाला की माझा स्टार्टर," ते म्हणाले आणि मांडीखालची स्मरणिका माझ्या हातात दिली. "घे पोरी. पान दुमडू नको."

आल्यापासून ते मला मॅडम म्हणत होते.

त्यांनी प्रतिज्ञापत्रही दिलं. तारखेला कोर्टाने स्टे दिला नाही. पुढे ट्रोल कंपनीने दावा मागे घेतला, पण पेटंट रद्द करण्याची आमची मागणी आम्ही सोडली नाही. दीड वर्षाने ते रद्द झालं. निकालातल्या एका परिच्छेदात लिहिलंय की हे यंत्र लक्ष्मण भिंगारदिवे यांनी स्वतः बनवून अर्जाआधीच भिंगारमध्ये लोकांसमोर चालवलं होतं.

तो परिच्छेद मी हाताने मराठीत लिहून त्यांना दिला. परवा गेले तर फ्रेममध्ये तोच होता.

"जुना कागद मागं तसाच ठेवलाय," काकू हळूच म्हणाल्या. "त्यांना काढवला न्हाई."

नव्या क्लायंटला मी आता पहिल्याच भेटीत विचारते, हे अर्जाआधी कोणाला दाखवलंय का? सगळे छातीठोकपणे नाही म्हणतात. मग मी विचारते, गल्लीतल्या गणपतीत?

निम्मे लोक विचारतात, तेही धरतात का?