एकोणीस एकांची रांग

ओल्या उदबत्तीचा वास सुक्या उदबत्तीहून निराळा. त्यात चंदन असतं, कोळशाची भुकटी असते आणि म्हैसूरचं कोवळं ऊनही! उभा जन्म मी उदबत्त्या वळल्या. वाळत घातलेल्या त्या काड्यांत मला इंग्रजी एकाचे आकडे दिसत. एकाशेजारी एक, ना कुणी थोरला, ना धाकटा. अशा एकजीव रांगेला कोण तोडणार?

हेच मी एकदा घरात छाती काढून बोललो. अकराला कुणी भागत नाही, मग नुसत्या एकांचा कुठलाच आकडा तुटायचा नाही! सूनबाई कॉलेजात गणित शिकवते. घेवडा निवडता निवडता म्हणाली, "मामंजी, एकशे अकरा म्हणजे तीन गुणिले सदतीस."

"असेल. पण एखादा मोठा, न तुटणारा अभंग आकडा निघेलच!"

"नाही निघाला तर तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. निघाला तर मी तो विषय काढणार नाही."

"साकु हो, पुरे तो हट्ट!" आतून आमची ही अर्ध्या कानडीत ओरडली. पण शाळा चौथीत सुटली तरी हट्ट सुटलेला माणूस मी नव्हे. डोळ्याला सुरी लावू देणार नव्हतो.

मग रोज चहाबरोबर सूनबाईच्या कंप्युटरवर एक रांग. सहा एक तर बघताच मोडले. त्यात एकशे अकरा दोनदा बसलेला दिसतोच की! ज्या रांगेचे सारखे गट पडतात ती आपसूक तुटते, हे मला पटलं. पण ज्यांचे गट पडत नाहीत त्यांचं काय? पाच मोडले, सात मोडले. अकरा एकांच्या पोटातून तर एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास असा भलताच भाजक निघाला! वरून किती निर्विकार, आत केवढी गुपितं! हरत होतो, तरी सकाळ कधी होते असं होई. तेरा गेले, सतरा गेले.

एकोणीस एकांच्या रांगेला मात्र कंप्युटर गप्प झाला. तिने पुन्हा पुन्हा तपासलं आणि खुर्चीवरून उडालीच. "मामंजी, हा तुटत नाही हो! एक आणि तो स्वतः, दुसरा भाजकच नाही!"

काय सांगू तुम्हांला! विश्व उत्पन्न झालं तेव्हापासून हा आकडा असा ताठ उभा असेल, कुणी मोजो वा न मोजो!

तिने तो कागदावर ठळक लिहून दिला. मी बोट ठेवून मोजू लागलो. चौदा भरले. पुन्हा मोजले, सोळा. मधले एक धुक्यात एकमेकांना चिकटले होते. सूनबाईला सारं दिसत होतं. पण शब्द दिला होता म्हणून ती पोर ओठ मिटून खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं ते न बोलणं माझ्या जिंकण्याहून मोठं वाटलं.

"डॉक्टरची वेळ घे," मीच म्हणालो. "जिंकलोय मी. पण जिंकलेलं दिसायला नको का?"