बॅटरी बदलू नका

ताई पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत नेकारसुल्मला यायची होती, म्हणून मी तो जुना व्हिडिओ गेम शोधायला लागले. लहानपणी आम्ही दोघी तासन्‌तास तो खेळायचो. पण आमची कॅसेट नकली होती. शेवटच्या राजवाड्याशी पोचलं की पडदा निळा व्हायचा. पुढे काय होतं, ते कधी कळलंच नाही.

इथे अस्सल कॅसेट सहज मिळेल असं वाटलं होतं. किमती पाहून डोळे पांढरे झाले. शेवटी कोलोनला एका निवृत्त संग्राहकाच्या घरी गेले.

"एवढी महाग का?" मी विचारलं.

"आल्झो, म्हणजे त्याचं असं आहे," तो म्हणाला, "हा गेम आला तेव्हा मुलं नव्या मशीनकडे वळली होती. फारशा कॅसेट निघाल्याच नाहीत. खोकी आयांनी रद्दीत घातली. आता ती मुलं कमवायला लागलीत, आणि सगळ्यांना तोच गेम परत हवाय."

म्हणजे भाव चढवणाऱ्यांत मीही होतेच. चरफडत बिनखोक्याची कॅसेट घेतली, जुनं मशीनही त्याच्याचकडून.

ताई आली. गेम छान सुरू झाला, पण मशीन बंद केलं की सेव्ह केलेलं सगळं गायब. कॅसेटच्या पोटातली बॅटरी मेली होती. मी त्या माणसाला फोन लावला.

"मूळची बॅटरी आहे ती," तो अभिमानाने म्हणाला. "बदलू नका, किंमत उतरेल."

"अगं, मग खेळायचं कसं?" ताई वैतागली.

मग मशीन बंदच करायचं नाही, असं ठरलं. शनिवारी राजवाड्याच्या दारात पोचलो आणि आम्ही दोघी नि माझा नवरा, तिघंही ख्रिसमस बाजारात जाऊन आलो. परतलो तर पडदा काळा. निघताना नवऱ्याने सवयीने स्विच बंद केला होता.

"अरे, दहादा सांगितलं होतं तुला!" मी ओरडले.

"सगळं चालू ठेवून घराबाहेर कोण जातं?" तो म्हणाला.

ताई बॅग भरायला गेली. सकाळी तिचं विमान होतं.

ती गेल्यावर नवऱ्याने कॅसेट उघडून नवी बॅटरी सोल्डर केली. आता सेव्ह होतं. परवा ताईने फोनवर विचारलं, "गेलीस का गं राजवाड्यात?"

"नाही, तुझ्याशिवाय कशी जाऊ?" मी म्हटलं, आणि पुन्हा नवऱ्यावरच चिडले.